रुसका नवरदेव

माझी शाळा चौथीतच सुटली. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, एवढंच मला ठाऊक. परवा सातवीतली नात वही घेऊन आली. "आबा, शाळेत घराचा इतिहास लिहून न्यायचाय. तुमच्या लग्नापासून सांगा."

"लग्न गोरेगावला झालं. नवरदेव शहाण्यावानी वागला."

"आजी तर म्हणायची, रुसका नवरदेव घड्याळासाठी बैलगाडीखाली जाऊन बसला व्हता!"

"आजी हाय का आता सांगायला? मी सांगतो ते लिही."

बोलून गेलो आन् जीभ चावली. ही गोष्ट बायको जन्मभर चारचौघांत सांगायची आणि मी तिला खोटी पाडायचो. ती जाऊन वर्ष झालं, तरी मी पोरीच्या वहीत तिला खोटीच पाडून राहिलो होतो.

नातीनं ऐकलं न्हाई. माझ्या लग्नाचा कोट शिवणारे शेजारचे म्हातारे टेलरचाचा वऱ्हाडात होते. त्यांना विचारून आली.

"चाचा म्हणतात, तीन घंटे रुसला. बुंदीचा वास आला तवा उठला. घड्याळ मिळालंच न्हाई!"

"घड्याळच नव्हतं, तर तीन घंटे मोजले कुणी? दोनच व्हते," मी म्हणालो. "बाकी आजीचं बराबर हाय. तिच्या नावानं लिही."

तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. वर्षभरानं घरात मला कुणीतरी रुसका म्हटलं. मी तिला पुन्हा वाचायला लावलं.