माझा पत्ता आणि त्यांचं नाव

बिबवेवाडीत आम्ही राहतो त्या नगराला माझ्या यजमानांचं नाव आहे. ते या भागाचे पहिले नगरसेवक. तेव्हा इथे डोंगराच्या कडेला पत्र्याची घरं होती आणि बायका हंडे घेऊन पार खाली पाण्याला जायच्या. महापालिकेत खेटे घालून त्यांनी इथे नळ आणला, टाकी बांधून घेतली. लोकांनी त्यांना न विचारताच कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी लावली. ते चिडले. म्हणाले, "जिवंत माणसाची पाटी लावतात का कुणी?" पण संध्याकाळी फिरायला निघाले की त्या पाटीपर्यंतच जायचे आणि तिथून मागे फिरायचे. पुढे हातात काठी आली, तरी फिरणं तेवढंच राहिलं.

माझी मात्र त्या पाटीने पंचाईत केली. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर कधी हळदीकुंकवाला बायकांनी अडवून धरलं तर. आणि ते तर आता माझ्या पत्त्यातच येऊन बसलेलं! रिक्षावाल्याला मी "टाकीपाशी" असं सांगायचे. एकदा दवाखान्यात नर्सने पत्ता विचारला, मी गप्प. तिने पुन्हा मोठ्याने, हातवारे करून विचारलं. मला ऐकू येत नाही असं तिला वाटलं. घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "मग बहिरीच राहायचं. नंबर लवकर लागला असता."

पुढे नात संगणकाच्या कंपनीत लागली. तिला न्यायला हिंजवडीची बस मोठ्या रस्त्यावर यायची. त्याच सुमारास बिल्डर आला. घरं पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, टाकीही गेली, कोपऱ्यावरची पाटी तेवढी राहिली. मग नव्या इमारतींना नवं नाव द्यायचं म्हणून सभा ठरली. तरुण पोरं म्हणत होती, जुन्या नावाने पत्ता सांगितला की लोकांना पत्र्याची वस्तीच दिसते, लग्नाची स्थळं परत जातात. त्यांचंही काही खोटं नव्हतं.

यजमान म्हणाले, "बदलू दे की. मी कुठे जातोय तक्रार करायला?"

पण त्या संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या, दारातल्या खुर्चीवर थोडा वेळ बसले आणि चपला काढून आत आले. मी पोळ्या करत होते. त्यांचं फिरणं चुकलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

सभेला ते आले नाहीत. मी नातीबरोबर गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. सोसायटीचा सेक्रेटरी झालेला मुलगा मी अंगाखांद्यावर खेळवलेला. एकेक जण उठून इंग्रजी नावं सुचवत होता, तो फळ्यावर लिहीत होता.

"आणखी कुणाला सुचवायचंय?"

माझा हात वर गेला. सगळ्या माना मागे वळल्या.

"बोला आजी, कोणतं नाव?"

तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"आजी इंग्रजी नाव शोधतायत," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नात कानाशी म्हणाली, "आजी, मी सांगू का?" मी तिचा हात दाबला. तिने सांगितलं असतं तर ते तिचं सांगणं झालं असतं.

तेवढ्यात आमची जुनी शेजारीण ओरडली, "अरे गाढवांनो, ती कशी घेईल नाव? नवरा आहे तिचा! उखाण्यात घे गं!"

डोळे मिटले आणि सुचलं ते म्हणून टाकलं:

"नळाला आलं पाणी, रांग लागली दारी,"

आणि मग त्यांचं नाव, पूर्ण, रावांसकट,

"एवढंच नाव राहू द्या, विनंती माझी सारी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीने खाली मान घालून माझं नाव, म्हणजे त्यांचं, फळ्यावर लिहिलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा आधी म्हाताऱ्यांचे हात वर गेले, नळाच्या रांगेत माझ्या मागेपुढे उभ्या असायच्या त्यांचे. मग त्यांच्या सुनांचे. शेवटी असं ठरलं, इमारतींना इंग्रजी नाव, पण नगराचं नाव तेच आणि पाटी फाटकावर.

मी घरी पोचायच्या आधीच कुणीतरी फोन केला होता. यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "भर सभेत घेतलंस म्हणे?"

"चहा टाकू का?" मी म्हणाले.

"टाक. फिरून आलो की घेतो." आणि चपला घालून गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडून रिक्षाने येत होतो. रिक्षावाला बाहेरगावचा, नवा. त्याने विचारलं, "कुठं जायचं?"

मी यजमानांकडे बघितलं. ते मुद्दाम बाहेर बघत होते, मिशीत हसत.

"टाकीपाशी," मी म्हणाले.

"कुठली टाकी? मला न्हाय ठाऊक."

"तुम्ही चला, मी सांगते."

डावीकडे, उजवीकडे करत मी त्याला थेट फाटकाशी आणलं. वर पाटी होती. यजमानांनी ती सावकाश वाचली, जसं काही पहिल्यांदाच वाचतायत, आणि म्हणाले, "बस, इथंच."