सूर्याचा वारा संपतो तिथे

दुपारच्या चहाच्या वेळी माझी सहकारी वसुधा संगणकावरच्या आलेखावर बोट टेकवून थांबली. फार दूर गेलेल्या यानाने मोजलेले, सूर्यापासून वाऱ्यासारखे वाहत येणारे कण तिथे एकदम घटले होते आणि बाहेरच्या अवकाशातून येणारे कण वाढले होते.

“सूर्याचा वारा इथे संपला गं,” ती हळूच म्हणाली.

तेच आकडे आठवडाभर माझ्याकडे होते. उपकरणाचा बिघाड समजून मी ते तसेच तिच्याकडे सोपवले होते. मी तिचं अभिनंदन केलं आणि आतल्या आत जळत राहिले. एवढ्या मोठ्या सूर्याचाही जोर कुठेतरी ओसरतो; माझी असूया मात्र ओसरेना.

“आकडे तूच मला दिलेस. शोधनिबंधावर तुझं नाव आधी घालू,” वसुधा म्हणाली.

मी मानेनेच हो म्हटलं. आता तिच्या शोधापेक्षा तिचं मोठं मनच मला जास्त सलत होतं.