गुडघ्यावर दोन थापा

आमच्या पीटीच्या सरांना ब्रह्मदेवानं घडवलं खरं, पण घडवून झाल्यावर खाली ठेवायचं तो विसरला. खिडकीतून तिकोणा किल्ला दिसतो अशा आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. गेली अकरा वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची त्यांची, पण त्या खुर्चीला त्यांचा सहवास काही लाभला नाही. चहा ते येरझाऱ्या घालत पितात, हजेरी खिडकीच्या कट्ट्यावर मांडतात आणि श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतही त्यांच्या टाचा वरखाली होत असतात. उडी दाखवण्याआधी डाव्या गुडघ्यावर दोन थापा मारून "चल रे बाबा" म्हणायचं, ही त्यांची जुनी खोड. दोन वर्षांपूर्वी तो बाबाच रुसला. डॉक्टरांनी उडी कायमची बंद केली.

दुसरा कोणी असता तर शिट्टी घेऊन खुर्चीत बसला असता. यांनी मोबाइलमध्ये एक बाई आणली. मोबाइल मैदानाकडे धरला की पडद्यावर आपल्याच मैदानात ही बाई उभी दिसते, पळत येऊन लांब उडी मारते, आणि पोरं तिच्याभोवती फिरून हात कुठे, पाय कुठे ते बघतात. आमचं मैदान पडलं उतरतं, त्यामुळे बाई वीतभर अधांतरी. "सर, हिचं पाय भुईला टेकत न्हाईत," पोरी म्हणाल्या. "तुम्ही तिचे हात बघा गं," म्हणून सर पुढे पळाले. दुसऱ्या दिवशी चार पोरी विटांवर उभ्या राहून उडीची तयारी करत होत्या. हसून हसून माझी पुरेवाट झाली. बाई पळाली की सरही बाजूनं लंगडत पळायचे, आणि उडीआधी त्यांच्या थापा पडायच्याच.

मग मुख्याध्यापकांच्या मनात आलं, की ज्यांना उडी मारता येत नाही त्यांनी ऑफिसात बसावं आणि पीटीचे तास गणिताला द्यावेत. म्हणजे मला. खोटं कशाला बोलू, मी मनात वेळापत्रकही आखलं होतं. शेवटी ठरलं, की तालुक्याचे साहेब येऊन मुलांच्या उड्या बघतील आणि मग काय ते सांगतील. "गणितवाले, मला बसवलं तर मी मरेन हो," सर म्हणाले, आणि तेही चालता चालता.

साहेब आले ते भर दुपारी. उन्हानं मोबाइल तापला आणि बंद पडला. सर जागच्या जागी गरगर फिरायला लागले. तेवढ्यात डोंगरातल्या वाडीवरची एक मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर, आमाला येतंय." ती रेघेमागे गेली, डाव्या गुडघ्यावर दोन थापा मारून "चल रं बाबा" पुटपुटली आणि पळत येऊन वाळूच्या खड्ड्यात पार पलीकडे पडली. दुसरीनं तेच केलं, तिसरीनंही.

"या थापा त्या मोबाइलमधल्या बाईनं शिकवल्या का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," मुलगी म्हणाली, "ती कुटं मारती? आमचं सर मारत्यात."

तास सरांकडेच राहिले. गणिताचं काय व्हायचं ते होईल. पण त्या दुपारी सर तापलेला मोबाइल छातीशी धरून वाळूकडे बघत उभे होते, टाचा जमिनीला टेकवून. इतकं स्वस्थ मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते बघवेना. जवळ जाऊन म्हटलं, "चला सर, चहा घेऊ. चालत चालत."