निरोगी बाजूचा तुकडा

“सॅम्पल कुठंय?” हातमोजे काढता काढता मी विचारलं. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर खाली बघायला लागल्या.

“तुम्ही टाके घालत होतात तेव्हाच नातेवाइकांनी नेलं, मॅडम. सर म्हणाले, निरोगी बाजू आहे, देऊन टाका.”

माझं डोकंच फिरलं. पेशंट अनसूयाबाई, कानडी सीमेवरच्या दुबलगुंडी गावच्या. कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला होता, मग मी तो पोटाच्या मांसातून नव्यानं बांधला. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून आज सकाळी उजवा थोडा लहान केला. याला सिमेट्री सर्जरी म्हणतात. त्यात काढलेलं मांस नासू नये म्हणून फॉर्मलिनच्या औषधात घालून पॅथॉलॉजीला तपासायला पाठवायचंच असतं. एका बाजूला कॅन्सर झालेल्या बाईच्या दुसऱ्या बाजूलाही तो लपलेला असू शकतो. बाहेरून कळत नाही.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख; त्यांच्या केबिनमध्ये गेले. “कशाला एवढं? सहसा काही निघत नाही,” ते म्हणाले.

“सहसा? एकदा कॅन्सर झालेली बाई ‘सहसा’त बसते का?” मी ओरडले आणि तशीच बाहेर आले.

अनसूयाबाईंच्या नवऱ्याला, शिवराम अण्णांना, फोन केला. दुपारी लागला, तोवर ते गावी पोचून तुकडा पुरूनही मोकळे झाले होते. अंगाचा तुकडा आपल्याच मातीत पुरायचा, ही त्यांच्याकडची रीत.

“कामून पुरलात, अण्णा?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“पहिला लॅबला गेला, मॅडम. ह्यो तरी आपल्या रानात जाऊ द्या म्हणलो. तुमचेच सर म्हणले, निरोगी हाय.”

त्यांच्यावर काय चिडणार? मी खरं काय ते सांगितलं. अण्णा उलट्या पावली रानात गेले, उकरलं आणि संध्याकाळी स्टीलच्या डब्यात घेऊन आले. पुरताना मीठ-हळद लावलेलं, येता-जाता उन्हात तापलेलं. पॅथॉलॉजिस्टनं काचेवर घेऊन पाहिलं आणि मान हलवली. पेशी नासल्या होत्या. रिपोर्ट आला: निदान शक्य नाही.

हे अनसूयाबाईंना सांगायला सर आले नाहीत. मीच गेले.

“म्हंजी ह्या बाजूत काय होतं, ते कधीच कळणार न्हाई का, अक्का?”

“उरलेलं तपासत राहू. गेलेल्याचं सांगता येणार नाही.”

त्यांनी पदर उजव्या बाजूवर ओढून घेतला. “डाव्याचं निदान कळलं तरी होतं,” त्या म्हणाल्या.

मला अजून राग येतो. आता ऑपरेशन थिएटरच्या दारावर मी कागद लावलाय: तपासल्याशिवाय निरोगी म्हणायचं नाही. इथल्या कानडी सिस्टरसाठी कन्नडमध्ये, नातेवाइकांसाठी मराठीत. सरांसाठी इंग्रजीत, सगळ्यात मोठ्या अक्षरात.