शैलाताईंच्या पिंडाला कावळा शिवला नाही

शैलाताई गेल्याचं मला आमच्या शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. बातमीखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेतच कुणीतरी नदीकाठच्या नव्या फ्लॅट्सची जाहिरात टाकली. घरबसल्या नदीचं दर्शन म्हणे! मी फोन उलटा ठेवला. रडू नंतर आलं, आधी किळस आली. शैलाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "दर्शन घ्या हो, पण खिडक्या लावून घ्या."

कोथरूडच्या शाळेत आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शिकवलं, त्यांनी विज्ञान, मी भूगोल. तापणारी पृथ्वी, पांढरी पडत चाललेली प्रवाळं, समुद्रातलं प्लॅस्टिक, सगळं पुस्तकात होतं आणि मुलं त्याची उत्तरं घडाघडा लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवायची. शैलाताईंना त्या गुणांचाच संताप यायचा. एकदा आम्ही मुलांना उजनीच्या जलाशयावर पक्षी दाखवायला नेलं. रोहित पक्षी देखणे होते, पण पाणी हिरवंगार, दाट... काठावर उभं राहवेना. एका मच्छीमाराच्या जाळ्यात नुसती चिलापी होती, घाण पाण्यातही तगणारी मासळी. पूर्वीचे मासे कुठे गेले, असं शैलाताईंनी विचारलं, तर तो म्हणाला, "ते कशाला ऱ्हातील बाई? तुमच्या पुण्याची समदी घाण हितंच येती." त्यांनी ते पाणी बाटलीत भरून आणलं आणि वर्गात बूच काढून बाकाबाकावरून फिरवलं. "वास घ्या. आपणच पाठवलंय." एक मुलगी ओकली. दुसऱ्या दिवशी पालक तक्रार घेऊन हजर झाले, नदीची नव्हे, बाटलीची! मुख्याध्यापकांनी पालकांना चहा दिला आणि शैलाताईंना समज. पुढच्या वर्षी सहल मुकाट्यानं कात्रजच्या सर्पोद्यानात गेली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. त्यांची मुलगी अनघा उशाशी बसली होती. शैलाताईंचा आवाज पार खोल गेला होता, तरी शब्द स्पष्ट होते. "माझ्या अस्थी नदीत सोडायच्या नाहीत. जन्मभर पोरांना सांगितलं, नदीत काही टाकू नका... आणि मेल्यावर मीच जाऊन पडू?" मी विषय बदलायला गेले, तर मला गप्प केलं. अनघानं शब्द दिला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

दहाव्याला आम्ही घाटावर जमलो. शैलाताईंचे यजमान आधीच गेलेले, त्यामुळे सूत्रं त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे अनघाच्या मामांनी, हातात घेतलेली. पाण्यावर फेस, जलपर्णी, देवांच्या फुटक्या तसबिरी, गाठी मारलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. गुरुजींनी आचमनाला विकतच्या पाण्याची बाटली उघडली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पिंड मांडले. कावळे होते, भरपूर होते, पण ते काठावर फेकलेल्या हॉटेलच्या उष्ट्यात चोची खुपसून बसलेले. पिंडाकडे ढुंकूनही बघेनात. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, म्हणून एकेक जण हात जोडून पुढे होऊ लागला. "ताई, अनघाकडे मी बघेन." "काकू, तुमचं घर विकू देणार नाही." एवढी आश्वासनं झाली, पण नदीचं नाव कुणाच्या तोंडून निघेना. पुढची मंडळी खोळंबली होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि अस्थींचा कलश उचलला.

अनघानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "आईनं नको म्हटलं होतं, मामा."

"अगं, मूठभर राखेनं काय होतंय? आधीच केवढी घाण आहे!"

"प्रत्येक जण हेच म्हणतो. म्हणून आहे."

"मग सोडणार तरी कधी?"

"तुम्ही इथलं पाणी ओंजळीत घेऊन आचमन कराल ना, त्या दिवशी."

मामांनी पाण्याकडे पाहिलं आणि ते चपला शोधायला लागले.

अस्थी घरात ठेवायच्या नसतात, म्हणून अनघानं फडक्यात बांधलेला तो कलश बाल्कनीत खिळ्याला टांगलाय. परवा मी गेले होते. त्याच्याखाली खुर्ची ओढून चहा प्यायले, शैलाताईंशी थोडं बोललेही. नदीची लक्षणं पाहता त्यांचा मुक्काम बराच लांबणार. निघताना अनघाला म्हटलं, "शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेव गं... मलाही लागेल."