गाडी भरली, ट्रेलर रिकामा

माझी ताई हट्टी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. शेजारच्या सीटवर मी बसते, भोगावं मला लागतं. माशांची पिल्लं टाकीत भरून तळ्यांवर पोचवायची, हा तिचा बारा वर्षांचा धंदा. टाकी ट्रेलरवर, ट्रेलर गाडीमागे. टाकीत हवा सोडणारा पंप ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो. तो थांबला की अर्ध्या तासात पिल्लं उलटी होऊन तरंगायला लागतात.

जुन्या डिझेल जीपचं इंजिन चालू असलं की मागची बॅटरीही भरत राहायची, त्यामुळे ताईनं तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. यंदा तिनं इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिल्याच खेपेला वाटेत सव्वा तास चार्जिंगला थांबलो. गाडी भरली, म्हणजे ट्रेलरही भरला, असं ताई धरून चालली. कसला भरतोय! ही गाडी मागे दिव्यांपुरतीच वीज देते. पोचलो तेव्हा पंप गप्प आणि चार हजार पिल्लं मेलेली. तळेवाले काका आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पुन्हा असं झालं तर दुसरीकडून मागवेन, एवढंच ते म्हणाले. परतताना ताई रडत होती. रडायला मलाही येत होतं, पण गाडी मी चालवत होते.

दुसऱ्या दिवशी रडणं बंद. ताईनं अंगणात टाकी साध्या पाण्यानं भरली आणि बॅटरी संपेपर्यंत पंप चालवून वेळ मोजली. पाच तास. रस्ताही पाच तासांचा, वर चार्जिंगचा सव्वा तास. दुसरी बॅटरी चढवली तर वजन वाढून गाडीच पोचणार नाही. मग तिनं एक छोटा चार्जर आणि लांब वायर घेतली. गाडी थांबेल तिथे ट्रेलरही प्लगला लावायचा, असं ठरलं.

पुढच्या खेपेला चार्जिंगच्या जागी पोचलो, तर गाडीचा चार्जर चालू, पण ट्रेलरसाठी हवा तो भिंतीवरचा साधा प्लग बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे तर वीजजोडणीच नव्हती. मी म्हटलं, काकांना फोन करून सांगूया. ताईनं पंप बंद केला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बॅटरी रस्त्यासाठी राखायचीय. बादलीतला मग घे."

सव्वा तास आम्ही दोघी ट्रेलरवर उभ्या राहून टाकीतलं पाणी मगानं उपसत होतो आणि उंचावरून परत टाकीतच ओतत होतो, तेवढीच पाण्यात हवा मिसळावी म्हणून. पंक्चरवाला बघून हसला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खांद्यांचा पार भुगा झाला, ताई मात्र एकदाही थांबली नाही.

तळ्यावर पोचल्यावर काकांनी टाकीत जाळी फिरवली, पुन्हा फिरवली.

"तीन मेलीत."

"दिसली मला," ताई म्हणाली. "पुढच्या खेपेला तीही मरणार नाहीत."

काकांनी पुढच्या खेपेची तारीख मागितली. ताईचे हात इतके थरथरत होते की तिला पेन धरता येईना. तारीख मी लिहून दिली.