लिंदाउराच्या आईची बोली

लिंदाउराला आमची नदीकाठची बोली कधी आलीच नाही. दोष तिचा नव्हता. तिची आई फिदेन्सिया लहानपणी एका लाकडाच्या ठेकेदाराकडे राबायची. तिथं बोलीतला एक शब्द तोंडातून गेला की पाठीवर वेताचे वळ उठायचे. माझ्या पोरांच्या तोंडी हे नको, असं तिनं तेव्हाच ठरवलं. मुलांशी ती स्पॅनिशच बोलली, मोडकीतोडकी.

सत्तरी उलटल्यावर तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, त्याबरोबर स्पॅनिशही गेली. इकितोस शहरातला डॉक्टर म्हणाला, ती भाषा आता परत यायची नाही. उरली ती बोली. म्हातारी दिवसभर काहीतरी बोलायची. लिंदाउरा पाणी आणायची, पांघरूण आणायची, केळ्याची पेज आणायची. म्हातारी मान हलवून रडायची.

मी शेजारीच राहतो, पण आमच्या पिढीला बोलीतल्या शिव्या तेवढ्या येतात.

शेवटी लिंदाउरानं होडी काढली आणि दोन दिवस खालच्या अंगाला जाऊन ओब्दुलिओकाकांना घेऊन आली. म्हातारीखेरीज बोली जाणणारे नदीवर तेवढेच एक उरले होते.

काका मच्छरदाणीपाशी बसून काहीतरी पुटपुटले. फिदेन्सियाचे डोळे लकाकले आणि ती बोलत सुटली. खळखळून हसलीसुद्धा. दाराशी कसाव्याचे कंद सोलणारी लिंदाउरा थबकली. मला म्हणाली, "आई एवढी मिश्कील आहे, हे मला पन्नाशीला कळावं?"

संध्याकाळी तिनं विचारलं, "काका, इतके दिवस काय मागत होती हो ती?"

काका घुटमळले. "मागत नव्हती गं, विचारत होती. म्हणते, ही बाई माझं सगळं करते, गुणाची आहे बिचारी. पण मुकी आहे का? आणि माझी लिंदाउरा कुठंय? तिला कुणी बोलावत का नाही?"

लिंदाउरा काकांच्या समोर येऊन बसली. मग म्हणाली, "'आई, मीच ती' हे कसं म्हणायचं? शिकवा मला."

चुलीवरचं उतरेपर्यंत ती घोकत राहिली. मग आईच्या कानाशी जाऊन म्हणाली. शब्द वाकडा पडला. फिदेन्सियानं तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तो शब्द नीट करून सांगितला. पुन्हा एकदा सांगितला, तान्ह्या पोराला सांगावा तसा. ओळखलं की नाही, कोण जाणे.

काका आठवडाभर राहून गेले. त्यानंतर अठराव्या दिवशी फिदेन्सिया गेली. पुढच्या पुरात काकाही गेले.

काकांकडून त्या आठवड्यात शिकलेले एकोणतीस शब्द लिंदाउराला येतात. ते ती नातीला शिकवते. परवा नात म्हणाली, "पण आजी, हे मी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोल की."

दोघी बोलतात. थोड्या वेळात शब्द संपतात.